एमआरआय कक्षातील ईसीजी आणि त्वचा-वाहकतेच्या केबल : रेडिओ लहरींचा उपद्रव नेमका कुठे अडवावा?

त्वचावेध

नमस्कार.

३ टेस्लाच्या एमआरआय यंत्रावर मेंदूच्या कार्यात्मक प्रतिमा घेत असतानाच सहभागी व्यक्तीचा ईसीजी, श्वसन आणि बोटांवरची त्वचा-वाहकता (घामाप्रमाणे बदलणारी, त्वचेची वीज वाहून नेण्याची क्षमता) नोंदवण्याचे काम आम्ही गेल्या काही महिन्यांपासून करत आहोत. हृदयाचे ठोके आणि श्वास यांमुळे प्रतिमांच्या संकेतात जो चढउतार होतो तो नंतर हिशेबातून वजा करायचा, तर या नोंदी स्वच्छ असाव्या लागतात. आणि त्वचा-वाहकता हा तर आमच्या प्रयोगाचा मूळ विषयच आहे, त्यामुळे तिच्याबाबत तडजोड करण्याची आमची तयारी नाही.

आमची मांडणी अशी आहे. इलेक्ट्रोड आणि त्यांना जोडलेल्या कार्बनच्या तारा एमआरआयसाठी सशर्त सुरक्षित म्हणून प्रमाणित आहेत. तिथून पुढे जाळीचे आवरण असलेली केबल भिंतीपर्यंत जाते आणि भिंतीतल्या गोल वेव्हगाइड नळीतून बाहेर पडून नियंत्रण कक्षातील ॲम्प्लिफायरला मिळते. नळी रिकामीच होती आणि तिच्यातून केबल सहज जात होती, म्हणून आम्ही तो मार्ग निवडला.

अडचणी दोन आहेत. केबल जोडलेली असली की प्रतिमेत एका ठरावीक जागी ठिपक्याठिपक्यांची सरळ रेघ उमटते, आणि केबल पूर्णपणे काढून घेतली की ती नाहीशी होते. दुसरी अडचण नोंदींमधली आहे. स्कॅन सुरू झाला की ईसीजीत काटे दिसू लागतात, आणि त्वचा-वाहकतेची पातळी त्याच क्षणी वर चढून स्कॅन थांबेपर्यंत तशीच राहते. सॉफ्टवेअरमध्ये १ हर्ट्झचा लो-पास फिल्टर, म्हणजे त्याहून जलद चढउतार गाळणारा फिल्टर, लावून पाहिला. त्याने बारीक काटे गेले, पण पातळीतील ती उडी जराही हलली नाही.

एका सहकाऱ्याने यंत्राजवळ केबलवर फेराइटची कडी (केबलवरच्या रेडिओ लहरी दाबणारे वलय) बसवण्याचा सल्ला दिला आहे. ती बसवावी का? फिल्टर लावायचा तर तो केबलच्या कोणत्या टोकाला लावावा, आणि त्याने मूळ नोंद बिघडणार नाही याची खात्री कशी करावी?

जैववैद्यक_अभियंता

सर्वांत आधी एक विनंती: फेराइटची कडी यंत्राच्या खोलीत नेऊ नका. फेराइट हे चुंबकीय द्रव्य आहे; ३ टेस्लाच्या चुंबकाजवळ ते जोराने ओढले जाते, त्यामुळे कोणाला इजा होऊ शकते. शिवाय इतक्या तीव्र क्षेत्रात ते संपृक्त होते, म्हणजे ज्या गुणासाठी आपण ते वापरतो तो गुणच तिथे उरत नाही. भिंतीच्या बाहेर, नियंत्रण कक्षाच्या बाजूला, कडीचा थोडाफार उपयोग होतो, पण आपल्या दुखण्याचे मूळ तिथे नाही.

मूळ त्या नळीत आहे. यंत्राची खोली रेडिओ लहरी अडवणाऱ्या धातूच्या पिंजऱ्यात बंद केलेली असते. वेव्हगाइड नळी रेडिओ लहरी अडवते ती केवळ तिच्या आकारामुळे. १० सेंटीमीटर व्यासाच्या नळीतून सुमारे १.७६ गिगाहर्ट्झपेक्षा कमी वारंवारतेची लहर पुढे सरकू शकत नाही. ३ टेस्लाचे यंत्र ज्या वारंवारतेवर चालते ती सुमारे १२७.७ मेगाहर्ट्झ, म्हणजे त्या मर्यादेच्या कितीतरी खाली. अशी लहर नळीत शिरली तर नळीच्या व्यासाइतके अंतर जाईपर्यंत ती साधारण ३२ डेसिबलने क्षीण होते. नळीची लांबी व्यासाच्या चौपट ठेवली तर कागदावर सव्वाशे डेसिबलच्या पुढचा आकडा येतो. हा सगळा हिशेब नळी पोकळ आहे असे धरून केलेला असतो. तिच्यातून एक जरी धातूची तार गेली, तरी नळी आणि तार मिळून एक कोअॅक्सियल वाहिनी (मध्ये तार आणि भोवती धातूचे आवरण) तयार होते, आणि अशा वाहिनीला खालची मर्यादाच नसते. मग हव्या त्या वारंवारतेची लहर तारेच्या आधाराने निर्वेध आरपार जाते. लाखमोलाचा बंदिस्त पिंजरा उभारायचा आणि त्याच्या दाराच्या फटीत काठी अडकवून ठेवायची, असे ते झाले आहे. त्या नळीतून प्रकाशतंतू, श्वसनपट्ट्याची हवेची नळी, प्राणवायूची नळी अशा विद्युतवाहक नसलेल्या वस्तूच न्याव्यात.

आपल्या प्रतिमेतील रेघेचे कारण हेच असावे असे मला वाटते. बाहेरच्या जगात १२७.७ मेगाहर्ट्झच्या आसपास शांतता मुळीच नसते. विमानांच्या संभाषणाचा पट्टाच ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ असा आहे, आणि नियंत्रण कक्षातील संगणक, पडदे, वीजपुरवठ्याचे जोड हेही आपापल्या परीने भर घालत असतात. आपल्या केबलचा बाहेरचा भाग हे सर्व गोळा करतो आणि आतला भाग ते यंत्राच्या अत्यंत संवेदनशील ग्राहक कॉइलच्या शेजारी नेऊन सोडतो.

धातूची केबल बाहेर न्यायचीच असेल, तर ती पेनिट्रेशन पॅनेलवर (केबल आरपार नेण्यासाठी भिंतीत बसवलेल्या धातूच्या पत्र्यावर) बसवलेल्या फिल्टरयुक्त कनेक्टरमधूनच न्यावी, आणि केबलमधल्या झाडून सगळ्या तारा फिल्टरमधून जाव्यात. आठ तारा गाळून नववी वापरात नाही म्हणून तशीच सोडली, तर ती एकटी तार सगळी मेहनत वाया घालवते.

अनुनाद

वरील उत्तराशी मी सहमत आहे. नोंदीतल्या उडीबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही.

१२७.७ मेगाहर्ट्झची लहर १ हर्ट्झच्या फिल्टरमधून कशी काय निसटते, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. ती निसटत नाही. ॲम्प्लिफायरच्या पहिल्याच अर्धवाहक जोडावर तिचे रूप बदलते. स्कॅनच्या वेळी यंत्र अनेक किलोवॉट शिखरशक्तीची रेडिओ स्पंदने सोडते. त्यांचा अगदी लहानसा अंश केबलने उचलला तरी ॲम्प्लिफायरच्या प्रवेशद्वाराशी तो मूळ संकेताच्या तुलनेत मोठा ठरतो. तिथला ट्रान्झिस्टर त्या लहरीचे एकदिशीकरण करतो, जसे जुन्या क्रिस्टल रेडिओत डायोड करत असे, आणि मागे उरतो तो स्पंदनांचा बाह्याकार. समजा २ सेकंदांत ४० स्लाइस घेतले जात आहेत. म्हणजे दर सेकंदाला २० स्पंदने. एकदिशीकरणानंतर आपल्याला २० हर्ट्झ आणि त्याच्या पटींतले काटे मिळतात, शिवाय त्या सर्वांची सरासरी म्हणून एक स्थिर वाढ मिळते. आपल्या १ हर्ट्झच्या फिल्टरने २० हर्ट्झ काढून टाकले. स्थिर वाढ मात्र शून्य हर्ट्झवर बसलेली आहे, आणि त्वचा-वाहकतेचा खरा संकेतही तिथेच राहतो. दोन्ही एकदा मिसळले की संगणकात त्यांना वेगळे करण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. म्हणून रेडिओ लहर पहिल्या अर्धवाहक जोडाच्या आधीच अडवली पाहिजे.

ही उडी शरीराची नाही, याचा एक पुरावा आपल्याच वर्णनात आहे. त्वचेचा प्रतिसाद उद्दीपनानंतर साधारण १ ते ३ सेकंदांनी सुरू होतो आणि सावकाश ओसरतो. स्कॅनच्या आवाजाने दचकलेल्या माणसाची वाहकता वाढते हे खरे, पण ती त्याच क्षणी वाढत नाही आणि आवाज थांबताच त्याच क्षणी खालीही येत नाही.

आता फिल्टर. पॅनेलवर साधारणपणे पाय (ग्रीक अक्षर π) रचनेचा फिल्टर वापरतात : दोन बाजूंना पॅनेलकडे जोडलेले कपॅसिटर आणि मध्ये इंडक्टर. १००० पिकोफॅरडचा कपॅसिटर १२८ मेगाहर्ट्झला सुमारे १.२४ ओहम इतकाच अवरोध दाखवतो, म्हणजे रेडिओ लहरीला जमिनीकडे जाण्याचा मोकळा रस्ता मिळतो. १०० हर्ट्झला त्याच कपॅसिटरचा अवरोध सुमारे १.६ मेगाओहम होतो, त्यामुळे ईसीजीला तो जवळजवळ जाणवत नाही.

पण हा आकडा प्रत्यक्षात उतरायचा असेल तर जोडणी कशी आहे याला कपॅसिटरइतकेच महत्त्व आहे. तारेच्या दर मिलिमीटरमागे ढोबळमानाने १ नॅनोहेन्री इंडक्टन्स येतो. सर्किट बोर्डावर साध्या पायांचा १००० पिकोफॅरडचा कपॅसिटर बसवला आणि त्याच्या पायांची एकूण लांबी १० मिलिमीटर भरली, तर तो सुमारे ५० मेगाहर्ट्झलाच अनुनादित होतो आणि त्याच्या वरच्या वारंवारतांना इंडक्टरसारखा वागू लागतो. म्हणूनच कनेक्टरच्या प्रत्येक पिनभोवती वलयासारखा बसणारा फीडथ्रू कपॅसिटर वापरतात, कारण त्याला पाय नसतात.

केबलच्या जाळीलाही हाच नियम लागू होतो. जाळी पिळून तिची शेपटी करायची आणि एका स्क्रूखाली दाबायची, ही सवय सर्वत्र आढळते. अशी ५० मिलिमीटरची शेपटी १२८ मेगाहर्ट्झला सुमारे ४० ओहम अवरोध दाखवते. कपॅसिटर सव्वा ओहमचा आणि त्याच्या शेजारी जमिनीचा रस्ता चाळीस ओहमचा, अशी जोडी घेऊन काही साधत नाही. जाळी कनेक्टरच्या धातूच्या कवचाला चहूबाजूंनी, वर्तुळाकार दाबून बसली पाहिजे.

स्कॅनकक्ष

मी यंत्रावर रोज काम करतो, त्यामुळे तपासणीच्या बाजूने लिहितो.

फिल्टर विकत घेण्याआधी प्रतिमेतील रेघ खरोखर बाहेरच्या लहरीची आहे याची खात्री करावी. बाहेरची, एकाच वारंवारतेची लहर असेल तर रेघ फेज एन्कोडिंगच्या दिशेने पसरते आणि फ्रीक्वेन्सी एन्कोडिंगच्या अक्षावर (प्रतिमेच्या ज्या अक्षावर जागा वारंवारतेवरून ठरते त्यावर) तिची जागा ठरलेली असते. त्या जागेवरून लहरीची वारंवारताही काढता येते : ६४ किलोहर्ट्झचा ग्राहक पट्टा २५६ पिक्सेलमध्ये विभागला असेल तर दर पिक्सेलला २५० हर्ट्झ येतात; रेघ मध्यापासून ४० पिक्सेलवर असेल तर लहर मध्यवर्ती वारंवारतेपासून १० किलोहर्ट्झवर आहे. मध्यवर्ती वारंवारता थोडी सरकवून पुन्हा स्कॅन करावा. रेघ सरकली तर तिचा उगम यंत्राच्या बाहेर आहे असे धरायला हरकत नाही. रेघ बरोबर मध्यावर असेल तर आधी यंत्राच्या स्वतःच्या दोषाचा संशय घ्यावा.

संपूर्ण प्रतिमेवर तिरप्या, कापडाच्या विणीसारख्या पट्ट्या दिसत असतील तर ती गोष्ट अगदी वेगळी आहे. ग्रेडियंटच्या (प्रतिमेतील जागा ठरवण्यासाठी झपाट्याने बदलल्या जाणाऱ्या चुंबकीय क्षेत्रांच्या) हादऱ्यांनी एखादा सैल धातूचा जोड ठिणग्या टाकत असतो, तेव्हा अशा पट्ट्या येतात. त्यावर कोणताही फिल्टर चालत नाही; सैल स्क्रू शोधावा लागतो.

आमची नेहमीची चाचणी अशी असते. फँटम, म्हणजे माणसाऐवजी वापरायचा चाचणीचा नमुना, ठेवायचा, रेडिओ स्पंदने बंद करून, म्हणजे फ्लिप अँगल शून्य ठेवून, फक्त गोंगाटाची नोंद घ्यायची : एकदा केबलशिवाय, एकदा केबल फक्त खोलीत ठेवून, एकदा भिंतीतून बाहेर काढून पण ॲम्प्लिफायरला न जोडता, आणि शेवटी सर्व जोडून. कोणत्या पायरीवर गोंगाट वाढतो ते पाहिले की दोषाची जागा कळते. नोंदीच्या बाजूने तपासताना माणसाऐवजी २०० किलोओहमचा रोधक इलेक्ट्रोडच्या जागी जोडावा. तो ५ मायक्रोसीमेन्सची अगदी स्थिर त्वचा आहे असे समजा. स्कॅन सुरू झाल्यावर त्या रोधकाची वाहकता बदलली, तर तो दोष निर्विवादपणे केबलचा किंवा ॲम्प्लिफायरचा.

आणि सुरक्षिततेबद्दल कळकळीने सांगतो. हवेत १२८ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे २.३४ मीटर असते, म्हणजे अर्धी तरंगलांबी १.१७ मीटर, अशा लांबीच्या तारेत अनुनाद होऊन तिच्या टोकाशी, म्हणजे नेमके इलेक्ट्रोडखाली, त्वचा भाजू शकते. भिंतीवरचा फिल्टर या धोक्यापासून कोणालाही वाचवत नाही. तारांचा वेढा पडू देऊ नका, उरलेली केबल बोअरमध्ये (यंत्राच्या बोगद्यात) गुंडाळून ठेवू नका, तारा यंत्राच्या मध्यरेषेतून सरळ बाहेर काढा, त्वचा आणि केबल यांच्यामध्ये पॅड ठेवा. प्रमाणपत्रात लिहिलेल्या अटी, म्हणजे क्षेत्राची तीव्रता, कॉइलचा प्रकार, तारांची मांडणी, जशाच्या तशा पाळा. एका तारेच्या जागी घरी तयार केलेली तार लावली तरी ते प्रमाणपत्र लागू राहत नाही.

त्वचावेध

आपण तिघांनी इतका वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. दरम्यान आम्ही जे केले ते नोंदवतो.

केबल नळीतून काढली आणि यंत्राच्या देखभाल अभियंत्यांच्या संमतीने पॅनेलवर २५ पिनांचा फिल्टरयुक्त कनेक्टर बसवून घेतला. रेघ बरीच फिकट झाली, पण गेली नाही. रोधकाच्या चाचणीतील उडीही निम्म्याहून थोडी कमी झाली, इतकेच. दोन दिवस आम्ही फिल्टरच सदोष आहे असे समजत होतो. मग अनुनाद यांचे उत्तर पुन्हा वाचले आणि कनेक्टर उतरवून पाहिला. ज्या पत्र्यावर तो बसवला होता त्यावर करड्या रंगाचा पावडर कोटिंगचा थर होता. कनेक्टरचे कवच पत्र्याला कुठेच थेट टेकत नव्हते. जो काही संपर्क होता तो दोन स्क्रूंच्या आट्यांमधून. खोलीत धूळ उडू नये म्हणून पत्रा बाहेर नेला, कनेक्टरच्या चौकटीपुरता रंग खरवडून पितळी चमक येईपर्यंत घासला, मध्ये विद्युतवाहक गॅस्केट घालून स्क्रू पुन्हा आवळले. त्यानंतरच्या गोंगाटाच्या नोंदीत केबल असतानाचा आणि नसतानाचा फरक आम्हाला ओळखता आला नाही. रोधकाची वाहकता स्कॅन चालू असतानाही सरळ रेषेत राहिली.

ईसीजीबद्दल मात्र शंका उरली आहे. रेडिओचे काटे गेले, तरी स्कॅनच्या वेळी मोठे झटके दिसतातच. शिवाय आता स्कॅन बंद असतानाही विजेच्या ५० हर्ट्झची लहर पूर्वीपेक्षा थोडी जास्त दिसते. अधिक क्षमतेचे, म्हणजे ५००० पिकोफॅरडचे फिल्टर घ्यावेत का?

अनुनाद

घेऊ नयेत. उलट आपल्याला दिसणारी ५० हर्ट्झची वाढ बहुधा या १००० पिकोफॅरडमुळेच आली आहे.

५० हर्ट्झला १००० पिकोफॅरडचा अवरोध सुमारे ३.२ मेगाओहम असतो. ईसीजीचे दोन इलेक्ट्रोड सारखे चिकटले असतील तर दोन्ही तारांवर सारखाच परिणाम होतो आणि ॲम्प्लिफायर तो वजा करून टाकतो. पण एकाचा अवरोध दुसऱ्यापेक्षा १० किलोओहमने जास्त असेल, तर दोन्ही तारांवरची सामाईक लहर किंचित असमान होते आणि तेवढा फरक खऱ्या संकेतासारखा आत शिरतो. हिशेब केला तर सामाईक लहर दाबण्याची क्षमता ॲम्प्लिफायर कितीही चांगला असला तरी ५० डेसिबलच्या आसपास अडकते. ५००० पिकोफॅरड घेतले तर ती ३६ डेसिबलपर्यंत घसरेल. म्हणून कपॅसिटर वाढवण्यापेक्षा त्वचा नीट स्वच्छ करून इलेक्ट्रोडचे अवरोध कमी आणि परस्परांशी जुळते ठेवावेत. आपल्या रंगाच्या थराने दाखवून दिलेच आहे की फिल्टरची ताकद बहुतेक वेळा क्षमतेत नव्हे, संपर्कात कमी पडलेली असते.

जैववैद्यक_अभियंता

त्याला जोडून एक महत्त्वाचा मुद्दा. फिल्टरचे कपॅसिटर इलेक्ट्रोडच्या तारा आणि जमीन यांना जोडतात, त्यामुळे ॲम्प्लिफायरने दिलेले विलगीकरण, म्हणजे व्यक्तीला जमिनीपासून विद्युतदृष्ट्या अलग ठेवणे, प्रत्यावर्ती प्रवाहापुरते कमजोर होते. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा दाब एखाद्या बिघाडामुळे व्यक्तीपर्यंत पोहोचला, तर १००० पिकोफॅरडच्या एका कपॅसिटरमधून सुमारे ७२ मायक्रोअँपिअर वाहू शकतात. पाय रचनेत एका तारेवर असे दोन कपॅसिटर असतात, आणि तारा अनेक. नव्या पॅनेलसह संपूर्ण मांडणीची गळती-प्रवाहाची चाचणी झाल्याशिवाय कोणालाही त्या केबलला जोडू नका. क्षमता वाढवण्याच्या विरोधात माझ्या दृष्टीने हेच पहिले कारण आहे.

ईसीजीतील उरलेले झटके रेडिओचे नसून ग्रेडियंटचे आहेत. १५० टेस्ला प्रति मीटर प्रति सेकंद या वेगाने ग्रेडियंट बदलत असेल तर मध्यापासून १० सेंटीमीटरवर क्षेत्र सेकंदाला १५ टेस्ला या दराने बदलते, आणि तारांनी वेढलेले क्षेत्रफळ १०० चौरस सेंटीमीटर असेल तर त्यात १५० मिलिव्होल्ट निर्माण होतात. ईसीजीचा आर तरंग, म्हणजे प्रत्येक ठोक्याचे सर्वांत उंच टोक, जेमतेम १ मिलिव्होल्टचा असतो. या झटक्यांच्या वारंवारता ईसीजीच्या पट्ट्यातच पडतात, त्यामुळे पॅनेलवरचा फिल्टर त्यांना अडवू शकत नाही. इलेक्ट्रोड जवळजवळ लावून आणि तारा एकमेकींभोवती पिळून वेढ्याचे क्षेत्रफळ कमी करावे. उरलेले झटके सरासरी नमुना वजा करून, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या झटक्यांची सरासरी काढून ती नोंदीतून वजा करून, काढावेत. ही पद्धत २००० साली फिलिप ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईईजीसाठी (मेंदूच्या विद्युत संकेतांच्या नोंदीसाठी) मांडली. नोंदणीचे घड्याळ यंत्राच्या घड्याळाशी जुळवून घेतले तर ती ईसीजीलाही चांगली लागू पडते.

स्कॅन बंद असतानाही बोअरमध्ये ईसीजीचा टी तरंग (आर तरंगानंतर येणारा बुटका उंचवटा) उंच दिसेल. चुंबकीय क्षेत्रातून वाहणाऱ्या रक्तामुळे तो दाब निर्माण होतो. तो केबलचा दोष समजून पुन्हा पॅनेल उघडू नये. आपल्याला फक्त ठोक्यांच्या वेळाच हव्या असतील तर बोटावरचा प्रकाशतंतूचा नाडीमापक घ्यावा. त्याचा तंतू त्या रिकाम्या झालेल्या नळीतून खुशाल नेता येईल.

त्वचावेध

गळती-प्रवाहाची चाचणी होईपर्यंत सहभागी व्यक्तींच्या सर्व वेळा आम्ही पुढे ढकलल्या आहेत. ठोक्यांसाठी नाडीमापक वापरण्याचे ठरले असून ईसीजीच्या तारा पॅनेलवरून काढून टाकत आहोत, म्हणजे फिल्टरमधून केवळ त्वचा-वाहकतेच्याच दोन तारा जातील. कनेक्टरच्या उरलेल्या पिना कक्षाच्या बाजूने धातूच्या टोपणाखाली बंद केल्या आहेत, आणि टोपणाच्या कडेचाही रंग खरवडून घेतला आहे.